केनियातील शेतकऱ्यांच्या मुलाखतींसाठी दुभाषी कोणाचा घ्यावा?

नमस्कार. छत्रपती संभाजीनगर येथील आमची छोटी कंपनी सौरपंप मोबाइलवरून चालू-बंद करण्याचे ॲप तयार करते. केनियात ते विकायला काढण्यापूर्वी तिथल्या शेतकऱ्यांना ते कितपत वापरता येते हे पाहण्यासाठी आम्ही दोघे सहकारी माकुएनी परगण्यात जाणार आहोत. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे तिथे पावसाचे दोन हंगाम असतात. पंप चालू असतानाच तो वापरणारा माणूस बघायला मिळतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर निवडला. ई-टीए (केनियात प्रवेशासाठी लागणारी ऑनलाइन परवानगी) आणि पीतज्वराच्या लसीचे नियोजन झाले आहे (परतताना आपल्याकडे दाखला मागतात आणि तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो).

खरी अडचण दुभाष्याची आहे. त्या भागातील शेतकरी आपसांत कांबा भाषा बोलतात, आणि तिथला आमचा वितरक गाडी, दुभाषी व शेतकऱ्यांची यादी असे सगळेच पुरवायला तयार आहे. खर्च पाहता नाही म्हणणे जड जाते. परंतु अंबड तालुक्यात हेच काम करताना दुकानदार शेजारी उभा होता तोवर जो तो "काही अडचण नाही, एकदम झकास चाललंय" असेच सांगत होता. दुकानदार फोन घ्यायला बांधापलीकडे गेला, तेव्हा एका काकांनी पेटीचे झाकण उघडून दाखवले: ॲपच्या सांगण्यावरून पंप चालू-बंद करणारा आमचा डबा वगळून वायर थेट जोडलेली होती, कारण मोबाइल दिवसभर लेकाच्या खिशात असतो. वितरकाचाच माणूस भाषांतर करणार असेल, तर असे काही आमच्या कानावर येईल असे मला वाटत नाही.

परदेशात असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे. वितरकाकडून केवळ गाडी घेऊन दुभाषी बाहेरचा, म्हणजे एखाद्या स्थानिक महाविद्यालयाचा विद्यार्थी, ठेवणे व्यवहार्य आहे का, की त्याने वितरक दुखावतो? मुलाखतीचा मोबदला एम-पेसावर (तिथली मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा) पाठवावा की हातात द्यावा, आणि तो आधी सांगितल्यास उत्तरे गोड होतात का? केनियात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. ध्वनिमुद्रण भारतात आणायचे तर संमतीपत्र कांबा भाषेत वाचून दाखवून त्याचेच मुद्रण केलेले चालते का? वितरकाच्या यादीबाहेरचे शेतकरी कसे गाठले, हेही कोणी लिहिले तर फार उपयोग होईल.