मदत हवी आहे: टीव्हीची छत्री (डिश) नवीन, स्ट्रेंग्थ ८५, क्वालिटी मात्र नाचते

वैतागवाडी
चार दिवसांपूर्वी छत्री बसवून घेतली. बॉक्सवर सिग्नलची स्ट्रेंग्थ ८५ आहे, क्वालिटी ० ते ४० नाचते. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. वारा सुटला की सगळंच जातं. बॉक्स रीसेट करून झाला. बसवणारा फोन उचलत नाही. 'माणूस बोलवा' सोडून काहीही सांगा. लवकर.

आरजी_सहा
सेवा कुठली? गाव कुठलं? छत्री कशावर ठोकलीय? केबल किती मीटर, मध्ये जोड किती? यातलं काही नाही आणि वर 'लवकर'.

उंटावरचा_शहाणा
वायफाय घ्या, फोनवर बघा. छत्र्यांचे दिवस गेले.

वैतागवाडी
वायफाय असतं तर इथे आलो असतो का? दूरदर्शनची फ्री डिश आहे हो, अजून काय असणार. चिपळूणच्या बाजूला. भिंतीवर लावलीय.

ओळंबा
फ्री डिश म्हणजे जीसॅट-१५ उपग्रह, ९३.५ अंश पूर्व. चिपळूणहून दिशा साधारण १३० अंश, म्हणजे आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश.

स्ट्रेंग्थवर जाऊ नका. एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) वीज पोचतेय आणि केबल तुटलेली नाही, एवढंच ती सांगते. छत्री भलतीकडे तोंड करून असली तरी ८५ दिसू शकते. खरी गोष्ट क्वालिटी.

बॉक्सवर ११०९० व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, एलएनबी ९७५०-१०६०० ठेवा. एकाला टीव्हीसमोर बसवा. तुम्ही छत्रीची वरची कड दोन बोटांनी हलकेच मागे दाबा, सोडा, मग पुढे ओढा. तसंच डावी-उजवी. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. एका बाजूला दाबल्यावर क्वालिटी वाढली तर छत्री तिकडे न्यायची. चारही बाजूंनी कमीच झाली तर नेम बरोबर आहे, दोष एलएनबीत किंवा केबलमध्ये.

नारळीबाग
समोर माड आहे का ते आधी विचारा. कोकणात निम्म्या तक्रारी झावळ्यांच्याच.

वैतागवाडी
आहे माड! छत्रीचं तोंड बरोबर त्याच्याकडेच आहे.

नारळीबाग
झालं. झावळ्या उतरवा.

ओळंबा
कोयती खाली ठेवा. ही ऑफसेट छत्री आहे. डोळ्यांना ती जिकडे बघताना दिसते त्याच्या वीस-पंचवीस अंश वर तिची खरी नजर असते. ५९ अंशांचा हिशेब सोपा: अडथळा छत्रीपेक्षा १० फूट उंच असेल तर तो ६ फुटांच्या पलीकडे हवा. माड किती फुटांवर, छत्रीपेक्षा किती उंच?

तारेवरची_कसरत
इनलाइन अँप्लिफायर लावा. एलएनबीपाशी जोडायचा, काम फत्ते.

आरजी_सहा
अँप्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो, स्ट्रेंग्थ ९५ होईल आणि क्वालिटी तिथेच. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये ४० मीटरला साधारण १० डेसिबल जातात, एलएनबीची वाढच ५०-६० डेसिबल असते. घरगुती अंतराला अँप्लिफायर लागत नाही.

तारेवरची_कसरत
लांब केबलला लागतो.

आरजी_सहा
लांब केबलला आधी व्होल्टेज कमी पडतं. आतली तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी असली की जास्तच. एलएनबीच्या टोकाला मीटर लावा: व्हर्टिकलला १३ व्होल्टच्या आसपास हवेत, हॉरिझाँटलला १८.

वैतागवाडी
मीटर नाही. दाबून बघितलं. वरची कड मागे दाबली की ५५-६० होते, पुढे ओढली की ०. डावी-उजवीने फरक नाही. केबल तीस-चाळीस मीटर, मध्ये दोन जोड.

ओळंबा
म्हणजे छत्री खाली बघतेय. भिंत कसली? ब्रॅकेटचे वरचे दोन बोल्ट हाताने हलवून बघा.

वैतागवाडी
चिऱ्याची. वरचा एक बोल्ट गिट्टीसकट बाहेर आलाय, पेन्सिल जाईल एवढी फट आहे. आता कळलं, आधी सांगायला काय झालं?

ओळंबा
तुम्ही 'भिंत' म्हणालात, 'चिरा' नाही. जांभा मऊ आणि सच्छिद्र, ड्रिलने भोक पडतं पण त्याची कड भुरभुरते. प्लास्टिकची गिट्टी विटेत, काँक्रीटमध्ये धरते, चिऱ्यात फिरते. छत्रीवर वारा बसला की वरचे बोल्ट उपसतात, पाइप भिंतीपासून पुढे झुकतो आणि छत्री खाली बघते.

पाइपाशेजारी दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. ६० सेंटिमीटर उंचीत वर-खालच्या अंतरात १ सेंटिमीटर फरक आला तर पाइप १ अंश कलला आहे. एवढ्या छत्रीला दीड-दोन अंश चुकले की खेळ संपला. पाइप कललेला असताना नेम लावूच नका, डावीकडे फिरवलं की उंचीही बदलते आणि ब्रॅकेटवरचे अंश खोटे ठरतात.

गच्चीवरून
चिऱ्याच्या नादी लागूच नका. अंगणात दोन इंची जीआय पाइप, दोन फूट खड्डा, १:२:४ काँक्रीट. जन्माचं काम.

ओळंबा
अंगणात गाईगुरं, पोरं, कपड्यांची दोरी. भिंतच बरी. भोकं मोठी करा, आतली भुकटी फुंकून काढा, पाणी मारा, १:३ सिमेंट-वाळूत लांब बोल्ट उभे करा. पलीकडून पोचता येत असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, त्याहून उत्तम. तीन दिवस पाणी मारा, तोवर छत्री चढवू नका.

मग उंची ५९ ला लावून नट अर्धवट आवळा, आग्नेयेला फिरवा, छत्रीची कड एका वेळी एक सेंटिमीटर सरकवा. क्वालिटी सर्वात वर गेली की पुढे जाऊन, मागे येऊन, दोन्हीकडे सारखी घटते त्या खुणांच्या मधोमध ठेवा. नट आळीपाळीने आवळा. एकच शेवटपर्यंत आवळला की छत्री फिरते. शेवटी एलएनबी होल्डरमध्ये थोडी थोडी फिरवून बघा.

उंटावरचा_शहाणा
मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य उपग्रहाच्या मागे आला की असंच होतं. छत्रीचा काय दोष?

आरजी_सहा
ते दिवसातून काही मिनिटं, काही दिवस. चोवीस तास नाही. आणि वाऱ्याचा सूर्याशी संबंध काय?

वैतागवाडी, ते दोन जोड काढा, अखंड केबल ओढा. पिळून बसवलेले कनेक्टर असतील तर कॉम्प्रेशनचे घ्या. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर, पांढरा थर आतल्या कडेशी सपाट, केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला चिकटता कामा नये. हे करताना बॉक्सचा प्लग काढलेला हवा. एलएनबीखाली केबलला हातभर झोळ द्या, पाणी तिथून टपकतं. साधी काळी टेप उन्हात सुटते, रबरी सेल्फ-बाँडिंग टेप ताणून गुंडाळा.

वैतागवाडी (सहा दिवसांनी)
आरपार बोल्ट घातले. पाइप ओळंब्यात. क्वालिटी ७४, वाऱ्यात ७० च्या खाली जात नाही. बॉक्सच्या मागचा कनेक्टर उघडला तर आत पाण्याचे दोन थेंब. घरात!

आरजी_सहा
एलएनबीकडून शिरलेलं पाणी जाळीतून उतरतं. जाळी काळी पडली असेल तर चकचकीत लागेपर्यंत कापत चला. फूटभर कापूनही काळीच लागली तर केबल बदला. बॉक्सच्या सॉकेटातही हिरवा गंज आहे का बघा.

नारळीबाग
माड किती फुटांवर ते अजून सांगितलं नाही.

वैतागवाडी
चौदा. छत्रीपेक्षा दहा फूट उंच.

नारळीबाग
आज दहा. नवी पाती फुटली की बघा.