सप्ताह होऊ दे, मग बघू? लहान धार्मिक महाविद्यालयात तक्रार आली तर आधी कुठे जायचं

कृष्णाकाठ_वाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यातल्या एका लहान महाविद्यालयाच्या कार्यकारिणीत आहे. संस्कृत आणि कीर्तनशास्त्र शिकवतात. अकरावी-बारावी आणि पदवी धरून १६० विद्यार्थी, त्यातले ५५ वसतिगृहात. आवारातच मंदिर असल्याने फाटक दिवसभर उघडं. पहारेकरी एकच, तोही रात्रीचा.

तीन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. आठ दिवसांपूर्वी वसतिगृहातल्या खोलीत ट्रंकेचं कुलूप तोडून ३,२०० रुपये आणि एक मोबाईल नेला. परवा सकाळी मंदिरातली दानपेटी उचकटलेली सापडली. आणि काल अकरावीतल्या एका मुलीने वर्गशिक्षिकेला वहीचं पान लिहून दिलं: पाठांतर घेणारे गुरुजी जवळ बसवून अंगावरून हात फिरवतात.

ज्येष्ठ मंडळी म्हणतात, सप्ताह तोंडावर आलाय, तो पार पडू दे, मग गुरुजींना समोर बसवून विचारू. पोलीस आवारात आले तर संस्थेचं नाव जाईल. मला हे मुळीच पटत नाही, पण बैठकीत नेमकं कलम हातात हवं. कशाची तक्रार कुठे आणि कशी करायची?

वकीलकट्टा_कराड

मुलीचं काम आज. बैठक नंतर घ्या, आधी बाईंना घेऊन पोलीस ठाणं गाठा.

मुलगी अठराच्या आतली आहे, म्हणजे पोक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागू. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. खात्री करून घ्या, चौकशी करा, मग कळवा, असं कायदा कुठेही म्हणत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत. २०२४ च्या बदलापूर प्रकरणात, शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार झाला त्यात, शाळेच्या विश्वस्तांवर याच कारणाने गुन्हा नोंदला गेला, हे बैठकीत सांगा. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसाने संस्थेतल्याच मुलावर केलेला लैंगिक हल्ला कलम ९(एफ) मध्ये जास्त गंभीर धरलाय. शिक्षा पाच ते सात वर्षं. तुमची संस्था दोन्हीत बसते.

गुरुजींना समोर बसवण्याचा बेत रद्द करा. मुलीला पुन्हा "सविस्तर लिहून दे" म्हणू नका, कुठे कसा हात लावला ते करून दाखवायला सांगू नका. दोन कागदांत चार शब्द इकडचे तिकडे झाले की बचावाचा वकील दोन्ही शेजारी ठेवतो आणि म्हणतो, मुलीला पढवलंय. वर गुरुजींना आधी कळलं की मुलीच्या घरी निरोप जातात, गावातली मोठी माणसं मध्ये पडतात आणि पोर गप्प होते. आपल्याकडे बहुतेक तक्रारी अशाच मरतात, खोट्या निघाल्या म्हणून नव्हे.

सोबत काय न्यायचं: वहीचं मूळ पान, कोऱ्या पाकिटात. त्यावर शेरा, शिक्का, पंचिंगचं भोक काही नको. वहीही जपून ठेवा, फाटलेली कड जुळते. वयासाठी जनरल रजिस्टरचा (प्रवेश नोंदवहीचा) उतारा. पाठांतराचं वेळापत्रक आणि हजेरीपट. बाईंनी एक पानाचं पत्र लिहायचं: पान कोणी, कधी, कुठे दिलं आणि मुलगी तोंडी काय बोलली, तिच्याच शब्दांत. "विनयभंग" वगैरे शब्द आपण घालू नयेत, कलम लावणं पोलिसांचं काम. पत्राच्या स्थळप्रतीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) ठाण्याचा शिक्का, तारीख, वेळ आणि नोंद क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

पालकांना आजच कळवा, पण त्यांच्या होकारासाठी थांबू नका. ते नको म्हणाले तरी तुमची जबाबदारी तशीच राहते. जबाब घरी किंवा मुलगी सांगेल तिथे घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, पालक किंवा विश्वासातलं माणूस सोबत असताना. हे पालकांना समजावून सांगा, निम्मी भीती तिथेच जाते. मुलीचं नाव इतिवृत्तात, ठरावात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात येता कामा नये. ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे साताऱ्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. नोंद न घेणाऱ्यालाही पोक्सोचं कलम २१ लागू होतं.

गुरुजींसाठी एका ओळीचा लेखी आदेश पुरे: "विद्यार्थ्यांच्या संपर्कातील काम पुढील आदेशापर्यंत काढून घेण्यात येत आहे." आवारातच राहत असतील तर मुक्काम बाहेर हलवायचा. सप्ताहातली कीर्तनसेवाही आवारातच होते, तीही थांबली पाहिजे. दोषी ठरवणारा एक शब्द आदेशात नको.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

वकीलसाहेबांनी वरचं नीट सांगितलंय, मी चोऱ्यांचं सांगतो. अर्ज दोन वेगळे करा. एकात कोंबले तर तपास धड एकाचाही होत नाही.

साध्या चोरीत माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली ती आता अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पोलीस नोंद घेऊन न्यायालयात जा म्हणतील. पण राहत्या खोलीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते. ती दखलपात्र, रक्कम कितीही असो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणून "महाविद्यालयाच्या आवारातून" असं मोघम लिहू नका. "वसतिगृहाच्या राहत्या खोली क्रमांक अमुकमधून, ट्रंकेचं कुलूप तोडून" असं लिहा. सगळा फरक या एका ओळीने पडतो.

मोबाईलसाठी "गहाळ" लिहून द्या असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. गहाळ दाखला म्हणजे एफआयआर नव्हे. आयएमईआय क्रमांक (फोनची स्वतःची ओळख) खोक्यावर किंवा बिलावर सापडतो. त्याच नंबरचं नवं सिम आधी काढा, ओटीपी त्याच्यावर येतो आणि नव्या सिमवर संदेश सुरू व्हायला दिवसभर लागू शकतो. मग तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र जोडून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद करायची विनंती टाका.

दानपेटीचं: मंदिराला कुलूप होतं का, पेटी शेवटची शाबूत कोणी पाहिली, सूर्यास्तानंतर की दिवसा, एवढं लिहा. त्यावरून घरफोडी लागते की नुसतं पेटी फोडणं, ते ठरतं. नवी कडी बसवली नसेल तर पंचनाम्याआधी बसवू नका. पुढच्या वेळेसाठी पुजाऱ्यांना सांगून ठेवा: असं काही दिसलं तर आधी झाडलोट आणि सडा थांबवा. सकाळच्या सड्यात पायाचे ठसे जातात, आणि पेटी फडक्याने पुसली की बोटांचेही.

एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ९० दिवसांत तपास कुठवर आला ते कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तारीख लिहून ठेवा आणि मागा.

कृष्णाकाठ_वाई

बाई आणि मी निघतोय. एक राहिलं: आठ कॅमेरे आहेत, डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) १ टीबीची डिस्क. वसतिगृहाच्या चोरीचं चित्रण दिसत नाही. पुसलं गेलं का?

टेहळणी_सांगली

बहुधा गेलं. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) दिवसाला २१-२२ जीबी खातो. आठ कॅमेऱ्यांचे १७० च्या वर. १ टीबी पाच-सहा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढतं. दानपेटीचं चित्रण अजून असणार, तेही तीन-चार दिवसांत जाईल. रेकॉर्डिंग आत्ता थांबवा, ती डिस्क काढून पोलिसांच्या ताब्यात द्या आणि यंत्रात नवी घाला. ३० दिवस हवे असतील तर ६ टीबी घ्या. कॅमेरे आणि डीव्हीआर एच.२६५ चे (चित्रण जास्त दाबून साठवणारी पद्धत) असतील तर जवळजवळ निम्म्यात भागतं.

डिस्क काढायच्या आधी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत घ्या. घड्याळ सतरा मिनिटं मागे असेल तर तसं पंचनाम्यात यायला हवं, नाहीतर आरोपी "त्या वेळी मी दुसरीकडे होतो" म्हणून सुटू पाहतो. पडद्यावरचं चित्रण मोबाईलने टिपून देणं हा पुरावा नव्हे. प्रत द्यायचीच तर मूळ स्वरूपात, हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा), आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र. त्याचा भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याने, भाग ब तज्ज्ञाने भरायचा.

कॅमेरा फाटकावर नऊ-दहा फुटांवर लावा. पंधरा फुटांवरून फक्त टोप्या दिसतात. वीज जाते तेव्हाच चोर येतो, तेव्हा डीव्हीआर आणि कॅमेऱ्याचा पुरवठा दोन्ही यूपीएसवर घ्या. नुसता डीव्हीआर चालू राहून उपयोग नाही.

वकीलकट्टा_कराड

दोन गोष्टी राहिल्या. पदवीच्या मुलींसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांप्रमाणे अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा. विभागप्रमुख आणि वरचे पदाधिकारी समितीत चालत नाहीत. लहान महाविद्यालयांत नेमकं हेच चुकतं, सगळ्या समित्यांवर तीच तीन नावं. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी. रॅगिंगची तक्रार आली तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी खरी वाटली तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर प्रमुखानेच रॅगिंगला मदत केल्याचं धरतात.

दुसरं, घटनांची वही. अमेरिकेत १९९० च्या क्लेरी कायद्याने सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांना, धार्मिक असोत वा नसोत, दरवर्षी तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात. सुरक्षा विभाग असेल तिथे गुन्ह्याची नोंद दोन कामकाजाच्या दिवसांत वहीत घालून ती लोकांना खुली ठेवावी लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण वही ठेवायला कोणी अडवत नाही. छापील पान क्रमांकांची घ्या. रकाने: घडल्याची तारीख-वेळ, कळल्याची तारीख-वेळ, जागा, प्रकार, कोणाला कळवलं, पोलीस नोंद क्रमांक. खाडाखोड झाली तर एक रेघ आणि सही, व्हाइटनर नाही. मुलीच्या नोंदीत नाव नको, नुसता अनुक्रमांक. नावाचा कागद बंद पाकिटात, प्राचार्यांच्या कपाटात.