घड्याळ आठवड्यांची उडी मारत असेल तर
विंडोज सर्व्हर २०१६ चे घड्याळ अचानक काही आठवडे पुढे जाते आणि तासाभराने पूर्ववत होते, या आपल्या तक्रारीवर मदरबोर्डची बॅटरी बदलण्याचा सल्ला आला आहे. तो मला पटत नाही, कारण बॅटरी उतरली तर संगणक बंद असताना घड्याळ चुकते. फरक नेमका साडेपाच तासांचा असता, तर स्थानिक वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांचा घोळ आहे असे मी म्हटले असते.

माझा संशय घड्याळ आपोआप जुळवणाऱ्या विंडोजच्या ‘सिक्युअर टाइम सीडिंग’ या सुविधेवर आहे. टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित) जोडणीच्या प्रारंभी समोरचा सर्व्हर जे ३२ बाइट पाठवतो, त्यांतील पहिल्या ४ बाइटमध्ये जुन्या संकेतानुसार वेळ असे आणि ही सुविधा त्यावरून अंदाज बांधते. परंतु अनेक सर्व्हर आता तेथे निव्वळ यादृच्छिक आकडे भरतात, त्यामुळे हा अंदाज चुकू शकतो. खात्री करण्यासाठी विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमधील ४६१६ क्रमांकाची नोंद पाहावी; तीत वेळ बदलणाऱ्या प्रोसेसचे (चालू प्रोग्रामचे) नाव मिळते. तेथे व्हीएमवेअर टूल्स (आभासी यंत्रातील साहाय्यक प्रोग्राम) दिसल्यास होस्टचे, म्हणजे ते आभासी यंत्र ज्यावर चालते त्या मूळ संगणकाचे, घड्याळ तपासावे. एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सेवा चालवणारी प्रोसेस) दिसल्यास रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, डब्ल्यू३२टाइम या वेळ-सेवेच्या कॉन्फिगखालील ‘युटिलाइझएसएसएलटाइमडेटा’ हे मूल्य ० करून सर्व्हर रीस्टार्ट करावा. हा सर्व्हर डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरील लॉगिन तपासणारा सर्व्हर) असेल तर हे आजच करावे, कारण केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीला सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही.