ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम की कच्चा रस्ता?

मूळ प्रश्न:
आमच्या सायकल ग्रुपसाठी तळ्याकाठच्या आणि जंगलातल्या वाटांची माहिती मराठीत लिहायला घेतलीये आणि एका शब्दावर गाडी अडलीये. ग्रॅव्हल बाइक हे नाव तसंच ठेवणार, हँडल रोडबाइकसारखं खाली वळलेलं आणि टायर मात्र ३५ ते ५० मिमी रुंद, ही सायकल आता लोकांना माहिती झालीये. प्रश्न वाटेचा आहे. 'पुढे ग्रॅव्हल लागेल' असं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? कुणी खडी म्हणतं, कुणी मुरूम, आणि बरेच जण सरळ कच्चा रस्ता म्हणून मोकळे होतात. तुमच्याकडे काय म्हणतात? आणि तळ्याकाठच्या वाटेला वेगळा शब्द आहे का?

मुळशीहून:
कच्चा रस्ता नको. कच्चा म्हणजे ज्यावर काहीच काम झालेलं नाही असा, आणि मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवलेल्या रस्त्याला गावात कुणी कच्चा म्हटलं तर सरपंच चिडेल. आपल्याकडे कामाचे टप्पे बोलण्यात पक्के आहेत बघ, आधी मातीकाम, मग मुरूम, मग खडीकरण, मग डांबर, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर हेच शब्द असतात. त्यातला मधला जो पट्टा, माती संपली आणि डांबर अजून आलं नाही, तो तुझा ग्रॅव्हल.
पण मुरूम आणि खडी एक नाही हं. मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला काळा दगड, तांबूस-पिवळा होतो, हाताने चुरतो, दाबला की घट्ट बसतो आणि कोरडा असताना त्यावर सायकल डांबरासारखी पळते. खडी क्रशरमधून फोडून आलेली, कडा धारदार, ४० मिमीची सैल पडलेली असेल तर पुढचं चाक कुठे जाईल सांगता येत नाही आणि टायरची बाजू कापली जाते ती वेगळीच. दोन्हीला ग्रॅव्हल म्हटलंस तर वाचणारा हवा किती ठेवणार?

भंडाऱ्याहून:
आमच्याकडं खडी कोणी म्हणत नाही, गिट्टी म्हणतात. आणि शेतातून जाणारी वाट म्हणजे पांदण, तुमच्याकडं ती पाणंद. दोन्ही बाजूला कुंपण किंवा झाडोरा, मधात बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधोमध गवताचा उंचवटा. चाकोरी हा शब्द लोक आता फक्त 'चाकोरीबाहेरचं' असं बोलताना वापरतात पण मुळात ती गाडीच्या चाकानं पाडलेली खाच आहे आणि सायकलवाल्याला ती रोज भेटते. पावसाळ्यानंतर सुकली की इतकी कडक होते की एकदा चाक आत गेलं तर चाकोरी सोडेल तेव्हाच बाहेर यायचं.
तळ्याचं म्हणाल तर आमचा जिल्हा तलावांचाच. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव, पुढं मालगुजारांकडं आले म्हणून माजी मालगुजारी, बोलण्यात मामा तलाव. त्याच्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात, झाडीबोलीत पार. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाची बांधी, वर मुरूम दाबून बसलेला, झाडं असली तर सावली. तळ्याकाठची वाट असं मोघम लिहू नका, पाळीवरून जाते का काठाच्या गाळातून जाते ते लिहा, दोन्हीत फार फरक आहे. आणि लहान तळं असेल तर ती बोडी, तिच्या पाळीवरून जेमतेम पायवाट असते.

मुळशीहून:
पाळ मस्त शब्द आहे, इकडे ऐकला नव्हता. इकडे तलाव कमी, धरणं जास्त, आणि गंमत अशी की धरण म्हणजे भिंतही आणि पाणीही, 'धरण भरलं', 'धरणात पोहायला गेला' असंच बोलतात. मागे पसरलेल्या पाण्याला फुगवटा. ग्रुपमधली पोरं बॅकवॉटर म्हणतात, म्हणू देत, पण गावात वाट विचारताना फुगवटा म्हटलं तर लगेच कळतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जो उघडा पट्टा राहतो तिथे वरून तडकलेला कडक गाळ आणि खाली ओल, चाक खचतं. तिथे लोक गाळपेरही करतात म्हणजे ती कुणाची तरी उभी पेर असते, मोकळं मैदान समजून सायकली घालू नका. मुळशीत तर ह्या पाण्याखाली गावं गेलीयेत, १९२१ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ह्याच धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यामुळे ह्याला 'लेक' आणि 'लेकसाइड ट्रेल' म्हटलेलं मला खरंच आवडत नाही.

रत्नागिरीहून:
आमच्याकडे तुमचा मुरूम नाही, जांभा. रस्ता लाल, धूळ लाल, चेन लाल. जांभ्याचा चुरा दाबलेला असला की छान, पण पहिल्या पावसानंतर उघड्या कातळावर शेवाळ धरतं आणि ब्रेक लावलात की गेलात. वर सपाटीला सडा म्हणतात आणि जी पायऱ्यापायऱ्यांची बांधलेली वाट वाडीत उतरते ती पाखाडी, नकाशात ती रस्त्यासारखी दिसली तरी तिथे सायकल खांद्यावर.
सड्याबद्दल एक कळकळीचं सांगते. सडा उघडा दिसतो म्हणून लोक वाट सोडून कुठूनही सायकल मारतात, पण आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बारसू, उक्षी, कशेळी, अशी किती ठिकाणं, २०२२ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यातली काही गेली. काही चित्रं इतकी उथळ कोरलेली आहेत की उन्हं तिरपी असल्याशिवाय दिसत नाहीत. मळलेली वाट सोडू नका हे तुमच्या माहितीत मोठ्या अक्षरात टाका.

कॅन्ससहून:
इकडून, अमेरिकेतून, थोडं. मुळशीवाल्या दादांचं कच्च्या रस्त्याबद्दल एकदम बरोबर. इथे ग्रॅव्हल रोड हा रीतसर बांधलेला रस्ता आहे, काउंटी म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन त्यावर दगड टाकतं, ग्रेडर फिरवून सारखा करतं, लोक त्यावरून शेतावर आणि शाळेत जातात. खेळाचं नाव त्या रस्त्यांवरून पडलं. एम्पोरियाची जी २०० मैलांची प्रसिद्ध रेस आहे, २००६ला सुरू झाली, आता अनबाउंड म्हणतात, ती फ्लिंट हिल्समधून जाते आणि तिथला दगड गारगोटीच्या जातीचा, फुटला की पात्यासारखी धार. त्यामुळे इथले रायडर नुसतं ग्रॅव्हल म्हणत नाहीत, चुनखडीचा चुरा आहे का गारेचा दगड आहे ते आधी विचारतात आणि त्यावर टायर ठरवतात. २०२२ला इटलीत ह्या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली तिथली जमीन पुन्हा वेगळी. म्हणजे नाव एक असलं तरी प्रत्येक ठिकाणी दगडाचं नाव लागतंच, आणि ते नाव तिथल्या माणसाकडेच असतं.

मूळ प्रश्नवाला:
सगळ्यांचे आभार. मग खेळ आणि सायकल ग्रॅव्हल, पण वाटेला विशेषण मुरमाड चालेल का? मुरमाड जमीन म्हणतोच आपण, रेताड, खडकाळ तसं. आणि जंगलातल्या वाटेचं काय, ते राहिलंच.

भंडाऱ्याहून:
मुरमाड चालेल पण मुरूम असेल तिथंच. मुरमाड म्हणजे ज्यात मुरूम मिसळलाय असं, गिट्टीला नाही लावता येत.
जंगलात गाडी जाईल असा तो जंगलरस्ता, आणि वणवा पसरू नये म्हणून झाडोरा काढून साफ केलेला लांब पट्टा ती जाळरेषा, वनखात्याचाच शब्द आहे. जाळरेषा नकाशावर सरळ रेघेसारखी दिसते आणि सायकलवाल्यांना मोह होतो पण ती चालवायला केलेली नसते, खुंट असतात. नवेगाव-नागझिऱ्यासारख्या व्याघ्र प्रकल्पात आत सायकल घालायचीच नाही, बाहेरच्या बफर पट्ट्यातही वनखात्याला विचारून, आणि मोहफुलांच्या दिवसांत तर पहाटे नकोच, अस्वलं फुलं खायला येतात. उन्हाळ्यात धूळ घोट्याएवढी होते तो फुफाटा, हा शब्द घ्याच, कारण वरून सपाट दिसतो आणि खाली दगड लपलेला असतो.

मूळ प्रश्नवाला:
हा नमुना बघा: 'पाळीवरून सपाट, दाबलेला मुरूम. पुढे पांदण, चाकोऱ्या खोल, बाभळीचे काटे, ट्यूबलेस नसेल तर जादा ट्यूब घ्या. जंगलरस्त्यावर फुफाटा. शेवटी गावापर्यंत नवी खडी.'

मुळशीहून:
झकास. फक्त 'नवी खडी' च्या पुढे रोलर फिरलाय की सैल आहे ते टाक. फिरला असेल तर ४० मिमी टायरला निघून जाईल, सैल असेल तर लोकांना सायकल ढकलत न्यायला लागेल आणि अंधार व्हायच्या आत पोचायचं तर दुपारीच निघावं लागेल.