हॅनोवरहून जाण्यासारखे तलाव सुचवा (सोबत आईबाबा आणि 7 वर्षांची मुलगी, गाडी नाही)

पाणवठा:
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या सुरुवातीला आईबाबा पुण्याहून येताहेत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मुक्काम आहे. बर्लिन, कलोन वगैरे मागच्या खेपेला उरकलं. या वेळी बाबांनी फोनवरच बजावलंय, "चर्च आणि राजवाडे पुरे झाले, पाणी आणि पक्षी दाखव." दर हिवाळ्यात भिगवणला जाणारा माणूस, दुर्बीण घेऊनच येणार. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालते, चढ आणि जिने नकोत. मुलगी पाणी दिसलं की आत. आई शाकाहारी, बाबा मासे खातात.

आल्प्सकडे जायचं नाही, तिकडचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. इकडे उत्तरेत, जमेल तितकं हॅनोवरपासून जवळ, एका दिवसात परत येता येईल असं सुचवा. एखादा मुक्कामही चालेल. गाडी नाही, लायसन्सही नाही.

नाचणीसत्व:
डोळे झाकून श्टाइनहूडर मेअर. वायव्य जर्मनीतला सगळ्यात मोठा तलाव, सुमारे 29 चौरस किमी. लोकलने वुन्स्टॉर्फ, तिथून बस. सगळा परिसर सपाट, त्यामुळे आईंची काळजी नाही.

फक्त एक लक्षात घ्या. श्टाइनहूड हे दक्षिण काठावरचं गाव म्हणजे दुकानं, आइस्क्रीम, धुरी दिलेले मासे आणि गर्दी. मुलीला डुंबायचं असेल तर उत्तरेला मार्डोर्फच्या बाजूची 'वाइसे ड्यूने' बघा. तळाला वाळू आहे आणि बरंच आत गेलं तरी पाणी मोठ्यांच्या कमरेच्या आसपासच. अख्ख्या तलावाची सरासरी खोली जेमतेम 1.35 मीटर, सगळ्यात खोल जागाही 3 मीटरच्या आतली.

मधल्या बेटावर जरूर जा. विल्हेल्मस्टाइन. बेट मुळात नव्हतंच. शाउम्बुर्ग-लिपेच्या काउंट विल्हेल्मने 1760 च्या दशकात दगड टाकटाकून ते उभं केलं आणि वर किल्ला बांधला. (बाबांना किल्ले नकोत हे वाचलं, पण पाण्यात भर घालून बांधलेला किल्ला म्हटल्यावर पुण्याचा माणूस विरघळेल.) तिथल्या लष्करी शाळेत पुढे प्रशियाचा प्रसिद्ध सेनानी झालेला शार्नहोर्स्ट शिकला. माशाच्या आकाराच्या पाणबुडीचा आराखडाही तिथलाच. बेटावर न्यायला लाकडी उघड्या होड्या असतात. कडेवरून पाय टाकून खाली उतरावं लागतं, आत बाकांवर ओळीने बसायचं. गुडघ्यांना ती पायरी जड वाटली तर तलावाची फेरी मारणारी मोठी बोट आहे, तिच्यात चढणं सोपं.

खडूस_काका:
वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. ऑगस्टमधल्या रविवारी श्टाइनहूडला जाणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला जाणं. मंगळवार-बुधवार गाठा. आणि श्टाइनहूडच्या बाजूने पाण्यात पाय टाकलात तर चिखलात पोटऱ्यांपर्यंत जाल, आधीच सांगतो.

माझं मत बाट त्स्विशेनआन. हॅनोवरहून ब्रेमेन, ओल्डेनबुर्गवरून नॉर्डडाइशला जाणारी प्रादेशिक गाडी तिथे थांबते, मध्ये बदलायची गरज नाही. स्टेशनातून चालत बागेत, बागेतून तलावावर. तलाव साडेपाच चौरस किमीचा, म्हणजे आटोपशीर. काठाला बाकं इतकी की आईंना दर पाच मिनिटांनी बसता येईल.

बाबांना तिथली धुरी दिलेली वाम खाऊ घाला. काटे-सुरी मागू नका. हाताने कातडी सोलायची, मणक्यावरून मांस दातांनी ओढायचं, आणि तेलकट झालेल्या बोटांवर यजमान चक्क धान्याची दारू ओततो, हात धुवायला! मग तीच दारू कथलाच्या चमच्यातून प्यायची, चमचा डाव्या हातात, आणि त्याआधी तिथल्या बोलीत सवाल-जवाब. बाबा पीत नसतील तर नुसतं बघायलाही मजा आहे. मात्र युरोपातली वाम आता अतिशय संकटग्रस्त आहे, म्हणून मी स्वतः हल्ली ट्राउटवर भागवतो.

रेल्वेवेडा:
मुक्काम चालेल म्हणालात, तर माझी आवडती ओळ सांगतो. लुनेबुर्ग ते कील ही प्रादेशिक गाडी. मोल्न, राट्सेबुर्ग, ल्युबेक, ऑयटिन, मालेंटे, प्लोन, सगळी पाण्याकाठची गावं एकाच गाडीवर. हॅनोवरहून उल्त्सेनमार्गे लुनेबुर्ग, तिथे ही पकडायची. जायला अर्धा दिवस जातो, म्हणून दोन रात्री तरी ठेवा.

प्लोनचं स्टेशन तलावाच्या अगदी काठाला आहे. मोठा प्लोनर झे हा श्लेस्विग-होल्श्टाइनमधला सगळ्यात मोठा तलाव. पण आईंसाठी खरी गंमत मालेंटेहून सुटणारी पाच तलावांची बोट. डीकझे, लांगेनझे, बेलर झे, होफ्टझे, एडेबेर्गझे, आणि उतरायचं प्लोनच्या फेगेटाशेला. एका तलावातून दुसऱ्यात शिरताना मधला प्रवाह इतका अरुंद होतो की दोन्ही बाजूंची झाडं जवळ येतात आणि बोट हळू होते. आईंना पाऊल न टाकता पाच तलाव! मुलीला मोजायला द्या.

राट्सेबुर्ग वेगळं. जुनं गाव तलावातल्या बेटावर आहे, विटांचं कॅथीड्रल आहे (एक चर्च माफ करा बाबांना सांगून). स्टेशनापासून बेट थोडं लांब, बस घ्या. तिथून उत्तरेला रोटेनहुजनपर्यंत बोट, आणि हंगामात तिथून वाकेनित्स नदीने थेट ल्युबेकपर्यंत दुसरी बोट. ही नदी फाळणीच्या काळात पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सीमेवर होती. माणसांना तिकडे फिरकायला बंदी, त्यामुळे झाडं, वेली, पक्षी सगळं मनसोक्त वाढलं. पूर्वेला शाल झे आहे, तीही त्याच सीमेची कहाणी. 72 मीटर खोल, उत्तर जर्मनीत सगळ्यात खोल. तिथे मात्र गाडीशिवाय हाल होतात, तुम्ही सोडा.

पाणवठा:
वा, एवढं सगळं! मुरित्स तलावाबद्दल कोणीच बोललं नाही? आणि शेवाळाचं ऐकलं होतं, 'ब्लाउआल्गेन' की काय, त्याचं किती मनावर घ्यायचं?

दुर्बीणवाली:
शेवाळाचं मनावर घ्याच. निळसर-हिरवे पट्टे किंवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला की पोराला बाहेर काढायचं, पाणी तोंडात जाता कामा नये. उथळ तलाव ऑगस्टमध्ये तापतात आणि शेतातलं फॉस्फरस येऊन मिसळतं, तेव्हा हे होतं. ड्युमर तलावाला हा त्रास बऱ्याच उन्हाळ्यांत होतो. राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक पोहण्याच्या जागेची पाण्याची प्रत आणि बंदी दिसते, निघायच्या सकाळी बघायची सवय लावून घ्या.

पण ड्युमर बाबांसाठी सोडू नका, फक्त तो ऑक्टोबरसाठी ठेवा. साधारण 13 चौरस किमी, सरासरी खोली मीटरभर, हुंट नदी मधून वाहते. त्याच्या पूर्वेच्या डीपहोल्त्स भागातल्या दलदलीत शरद ऋतूत क्रौंच उतरतात, हजारोंनी. पहिले थवे ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतात, मोठी संख्या उत्तरार्धात होते, म्हणजे बाबांच्या परतीच्या आधीच्या दिवसांत सुरुवात तरी दिसेल. दिवसभर ते मका कापलेल्या शेतात चरतात आणि सूर्य मावळायला रात्रीच्या मुक्कामाला उथळ पाण्यात येतात. आधी आवाज येतो, मग रांगा. रस्त्यावरून बघा, शेतात शिरू नका. एक थवा उडाला की पाठोपाठ सगळे उडतात आणि त्यांची पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी फुकट जाते.

श्टाइनहूडलाही पक्षी भरपूर. पश्चिमेकडच्या मेअरब्रूखच्या कुरणांत निरीक्षण मनोरे आहेत, पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड नशिबात असेल तर दिसतो. मनोऱ्याला जिना आहे, आईंना खालच्या बाकावर बसवा.

मुरित्स सुंदरच. 117 चौरस किमी, पूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेला सगळ्यात मोठा तलाव, पूर्व काठाला 1990 पासून राष्ट्रीय उद्यान. पण हॅनोवरहून प्रादेशिक गाड्यांनी जाऊन येऊन एक दिवस हा हट्ट करू नका. बर्लिनला मुक्काम असेल तर रोस्टॉककडे जाणारी गाडी वारेनला थांबते, तेव्हा करा.

शून्य_प्रहर:
एक नाजूक सूचना. मेक्लेनबुर्ग, ब्रांडेनबुर्गकडच्या तलावांवर एफकेके असं लिहिलेली पाटी दिसली की आईबाबांना घेऊन पुढच्या किनाऱ्याकडे सरका. कपड्यांशिवाय पोहणारी मंडळी तिथे असतात आणि त्यांना काहीच वाटत नाही. आपल्यालाच वाटतं. आमच्या सासऱ्यांनी त्या दिवशी तास-दीड तास फक्त आकाशातले पक्षी पाहिले.

खडूस_काका:
😂 दुर्बीण घरी ठेवायची होती त्यांची.

नाचणीसत्व:
मुलीबद्दल महत्त्वाचं राहिलं. शाळेत 'झेपफेर्डशन' हा पोहण्याचा पहिला बिल्ला मिळाला असेल तरी ती सुरक्षित पोहते असं धरू नका, ब्राँझ बिल्ल्यापर्यंत हाताच्या अंतरावर राहा. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर. नुसता पिवळा म्हणजे लहानांनी नको, लाल म्हणजे कोणीच नको. गवतातून फिरल्यावर संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा.

आईंसाठी डबा घरूनच न्या. दशम्या, चटणी, मेतकूट. काठावर शाकाहारी म्हणजे बटाट्याचे पॉमेस (फ्रेंच फ्राइज) नाहीतर केक. ऑगस्ट-सप्टेंबरात आलुबुखारचा केक मिळतो, तो खाताना गांधीलमाश्या ताटलीत उतरतात. कपावर बशी झाकून ठेवा, हातवारे करू नका. सुटे पैसे ठेवा, काठावरच्या टपऱ्यांवर आणि स्वच्छतागृहांत कार्ड बऱ्याचदा चालत नाही.

पाणवठा:
ठरलं मग. ऑगस्टमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी श्टाइनहूड, आधी मार्डोर्फची वाळू, मग बोट. सप्टेंबरात दोन रात्री प्लोनला, जाताना राट्सेबुर्गला उतरून. त्स्विशेनआन बाबांच्या जिभेसाठी (आईला कळू देऊ नका). ऑक्टोबरात ड्युमरकडे, क्रौंच आले तर उत्तम. तिकिटाचं काय करू? आम्हा दोघांकडे डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास) आहे.

रेल्वेवेडा:
आईबाबांनाही तेच काढा, तुमच्या खात्यावरून निघतं. 2026 पासून महिना 63 युरो. ऑगस्ट आणि सप्टेंबर घ्या आणि 10 सप्टेंबरच्या आत रद्द करा, नाहीतर ऑक्टोबरचे पैसे कापले जातील. ऑक्टोबरातल्या ड्युमरसाठी नीडरझाक्सन-तिकीट (आपल्या राज्यात दिवसभर चालणारं) पुरतं, पाच जण एकत्र, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतर. प्लोनला मात्र ते चालत नाही, श्लेस्विग-होल्श्टाइन वेगळं राज्य. मुलगी 7 ची, म्हणजे डॉइचलांड-तिकिटाच्या प्रवासात तिचं वेगळं तिकीट लागेलच, 6 च्या आतलं फुकट असतं. सायकली भाड्याने घ्यायच्या तर तिथे काठावरच घ्या, उन्हाळी शनिवारी गाडीत सायकल चढवायला जागाच मिळत नाही.

पाणवठा:
सगळ्यांचे आभार. ड्युमरला उतरायचं कुठे ते राहिलंच.

दुर्बीणवाली:
लेमफोर्ड. ब्रेमेन-ओस्नाब्रुक मार्गावर. तलाव तिथून 5 किमीच्या आसपास. क्रौंचांसाठी मात्र डीपहोल्त्सला उतरा, आणि टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा, संध्याकाळी आयत्या वेळी सहसा मिळत नाही.