घोडबंदरला केबल नेट, फायबर की ५जीचा डबा?

कासारवडवलीकर: १४व्या मजल्यावर राहतो. केबलवाल्याच्या नेटवर सिनेमे छान चालतात, पण मीटिंगमध्ये माझाच आवाज तुटतो. फायबरवाल्याला डक्टमधून (इमारतीतल्या वायरींच्या उभ्या पोकळीतून) वायर आणायला सोसायटीची परवानगी हवी आणि सेक्रेटरीसाहेब गावाला. तोवर ५जीचा डबा (मोबाइल टॉवरवरून घरात वाय-फाय देणारा) घेऊ का?

ऐरोली सेक्टर ८: अहो, ते अपलोडचं, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या डेटाचं दुखणं. टीव्हीच्या केबलवरून नेट येत असेल तर अपलोडला मुळातच कमी जागा असते. स्पीडटेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. आणि 'फायबर' या शब्दावर जाऊ नका! आमच्याकडे फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच होती, पुढे साधी लॅनची वायर. वीज गेली की पेटीतला स्विच बंद, घरात इन्व्हर्टर असून उपयोग शून्य. खरी फायबर घरात येते तेव्हा ओएनटी नावाचा, फायबर थेट जोडायचा डबा बसतो, त्यावर 'पॉन'चा (PON, म्हणजे फायबर जोडणीचा) दिवा असतो. मधल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या पेटीला) वीज लागतच नाही. ओएनटीला मिनी यूपीएस (छोटी बॅटरी, बहुतेकांना १२ व्होल्टची) लावला की झालं.

येऊरचा पायथा: ५जी तात्पुरतं ठीक. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत आधी फोनवर तपासा. रात्री सगळे मॅच लावतात तेव्हा मात्र रडतं. वर्षाचे पैसे एकदम भरू नका.

कासारवडवलीकर: अपलोडचा आकडा ३! केबलवाल्याला फोन लावतोय.