ओएलईडी टीव्ही: पिक्सेलची दुरुस्ती आतून की बाहेरून?

स्फटिक:
पिक्सेलमधले ट्रान्झिस्टर एकसारखे नसतात, म्हणून त्यांच्या प्रवाहाची दुरुस्ती करावी लागते. ती पिक्सेलच्या आतच करणारं मोबाइलच्या पडद्यातलं सात ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटरवालं सर्किट टीव्हीत आणू नये, बाहेरून मोजून दुरुस्ती करावी, असं माझं मत. टीव्हीत तीन ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि मोजणीची सेन्स लाइन (पिक्सेलचा प्रवाह बाहेर नेणारी तार) पुरते. उरलेलं गणित ड्रायव्हर आयसीतला (पडद्याला डेटा देणाऱ्या चिपमधला) एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, आणि मेमरी सांभाळतात. दुरुस्ती टळत नाही हे उघड आहे. थ्रेशोल्ड म्हणजे ट्रान्झिस्टर सुरू होण्याचं व्होल्टेज, आणि गेटचं व्होल्टेज त्याच्या जितकं वर तो ओव्हरड्राइव्ह. प्रवाह ओव्हरड्राइव्हच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे ०.५ व्होल्ट ओव्हरड्राइव्ह असताना थ्रेशोल्ड ०.१ व्होल्टने उतरला की प्रवाह ४४ टक्के चढतो. पण सात ट्रान्झिस्टरवालं सर्किट थ्रेशोल्ड तेवढा खोडतं. मोबिलिटी (ट्रान्झिस्टरमधून विद्युतभार किती सहज वाहतो ते) आणि ओएलईडीची झीज त्याच्या गावीही नसते.

अर्धवाहक:
असहमत. मोजायला वेळ कुठून आणणार? ४के, १२० हर्ट्झ, एकूण २२५० ओळी धरा: ओळीला ३.७ मायक्रोसेकंद. चित्राच्या २१६० ओळी गेल्या की कोऱ्या ९० ओळींचे ३३३ मायक्रोसेकंद हाती उरतात. सेन्स लाइन ३० पिकोफॅरडची आणि प्रवाह १०० नॅनोअँपिअर असेल, तर १ व्होल्ट चढायलाच ३०० जातात. म्हणजे एका फ्रेमला एक ओळ, तीही एकाच रंगाची. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चार धरले तर फेरी ७२ सेकंदांची. ही नुसती मोबिलिटी. थ्रेशोल्डला प्रत्येक वेळी ३० मिलिसेकंद दिले तर चार मिनिटांच्या वर, म्हणून ते काम टीव्ही स्टँडबायवर गेल्यावर. आणि आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटणच बंद करतात!

स्फटिक:
बटणाचं मान्य. पण थ्रेशोल्ड एका रात्रीत पळत नाही, चार-दोन फेऱ्या चुकल्या तर चालतं. मोठी अडचण तुमच्या बाजूला आहे. टीव्हीत ऑक्साइड ट्रान्झिस्टर असतात, त्यांचा थ्रेशोल्ड कधी उणेही निघतो. तिथे पिक्सेलच्या आत गेट-ड्रेन जोडून केलेलं सॅम्पलिंग (थ्रेशोल्ड कपॅसिटरवर टिपून घेणं) शून्यावर जाऊन बसतं आणि उणे किती होतं ते कळतच नाही.

अर्धवाहक:
सोर्स फॉलोअर पद्धतीने (गेट स्थिर ठेवून सोर्सचं व्होल्टेज चढू देऊन) आतही उणे थ्रेशोल्ड पकडता येतो, जोडणी तेवढी बदला. आणि मोबिलिटी गावीही नसते म्हणालात, ते अर्धंच खरं. ३.७ मायक्रोसेकंदांत सॅम्पलिंग पुरं होत नाही. जास्त मोबिलिटीचा ट्रान्झिस्टर त्या वेळात पुढे सरकतो, त्याचा ओव्हरड्राइव्ह जास्त घटतो आणि प्रवाह आपोआप थोडा आवरला जातो. झिजेचा मुद्दा मात्र तुमचा.

मोंते_कार्लो:
दोघंही सिम्युलेशनमध्ये ट्रान्झिस्टरांमधल्या फरकाचा पसारा कसा टाकता, ते आधी सांगा. प्रत्येक ट्रान्झिस्टरला स्वतंत्र गाउसियन (घंटेच्या आकाराच्या वाटपातून निवडलेला) थ्रेशोल्ड देऊन दोनशे रन घेतले की आलेख छान येतो आणि पॅनेल तरी पट्टेदार निघतं. स्वतंत्र ३ टक्के पसारा १०० पिक्सेलांच्या सरासरीत ०.३ टक्क्यावर येतो. सामाईक १ टक्का १ टक्काच राहतो, आणि डोळ्याला तोच खुपतो. मोबाइलच्या पॉलिसिलिकॉनमध्ये (लेसरने स्फटिक केलेल्या सिलिकॉनमध्ये) लेसरच्या एका शॉटची सगळी पट्टी एकदम सरकते. म्हणून शॉटमागे एक सामाईक ऑफसेट आणि वर प्रत्येकाचा ग्रेनचा (स्फटिककणांचा) वेगळा गोंधळ, असे दोन थर टाका. ऑक्साइडला लेसर लागत नाही, पण फिल्मची जाडी काचभर हळूहळू बदलते. तिथे पट्ट्यांऐवजी उतार घ्या.

स्फटिक:
हे पटलं. बाहेरच्या मोजणीत सामाईक चूक आणखी एका ठिकाणी शिरते: शेजारशेजारच्या दोन ड्रायव्हर आयसींच्या एडीसींचा ऑफसेट जुळला नाही, तर त्यांच्या सीमेवर उभी रेघ उमटते. आधी ज्ञात व्होल्टेज देऊन एडीसी कॅलिब्रेट करा. आणि मोजलेल्या ओळीत डेटा लगेच परत लिहा. ओळी क्रमाने न घेता विस्कळीत घ्या, नाहीतर अंधाऱ्या दृश्यात एक रेघ वरून खाली सरकताना दिसते.